काचेच्या जमिनीचं ग्रंथालय : बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा इतिहास, संशोधनाच्या नजरेतून



पेट किंवा नेट पास झाल्यावर पहिला धक्का बसतो तो मुलाखतीत. समोरचे सर विचारतात, "विषय कळला, पण तुमचा प्रश्न काय आहे?" आणि आपण पुन्हा विषयच सांगत बसतो. विषय आणि प्रश्न यांतला हा फरक व्याख्येने समजत नाही, उदाहरणाने समजतो. म्हणून आज प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ. विज्ञानाच्या मुलांनी इतिहास का वाचायचा, असं वाटत असेल तर थोडं थांबा. या गोष्टीत लोखंड, काच आणि प्रकाश तर आहेच, शिवाय नमुना निवडीतली चूकही आहे.

उदाहरण आहे बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं. शहर आज गुजरातमध्ये आहे, पण त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून होते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. शेतकरी घर, शाळेचं शिक्षण जवळजवळ नाहीच. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो बडोद्याच्या गादीवर बसला. हेच तिसरे सयाजीराव गायकवाड. १८८१ च्या अखेरीस राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला.

विषयाचा प्रश्न कसा करायचा?

"बडोद्याच्या ग्रंथालयाचा इतिहास आणि वास्तुरचना" हा झाला विषय. यावर तुम्ही दोनशे पानं लिहाल, पण शेवटी काय सिद्ध केलं ते सांगता येणार नाही. आता हा विषय जरा खरवडून बघा. महाराष्ट्रात ग्रंथालयं बडोद्याच्या कितीतरी आधीपासून होती. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं नगर वाचन मंदिर, १८४८ ची. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मग बडोद्यात वेगळं काय झालं?

वेगळं हे की या सगळ्या संस्था शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी काढल्या आणि वर्गणीवर चालवल्या. ज्याला वाचता येतं, ज्याच्या खिशात वर्गणी आहे आणि जो शहरात राहतो, तो त्यांचा वाचक. बडोद्यात १९१० नंतर सरकारने एक स्वतंत्र खातंच उघडलं आणि ग्रंथालय ही शाळेसारखी सरकारची जबाबदारी मानली. शहरात एक मोठं ग्रंथालय, त्याखाली गावोगावची ग्रंथालयं, आणि जिथे तेही नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. आता प्रश्न असा तयार होतो : ज्या राज्यात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तिथे सरकारने सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं का विणलं, आणि ते खरोखर कोणापर्यंत पोहोचलं?

बघा, या वाक्यात एक "का" आहे आणि एक "कोणापर्यंत" आहे. दोन्हींची उत्तरं चुकू शकतात. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. एवढं एक वाक्य वहीत लिहून ठेवा.

"का" चं उत्तर : क्रम पाहा

सोपं उत्तर असं, की महाराज प्रजाहितदक्ष होते म्हणून. हे खोटं नाही, पण त्याने काही उलगडत नाही. प्रजाहितदक्ष राजा विहिरी खोदेल, दवाखाने काढेल. ग्रंथालयच का, आणि १९१० च का?

आता तारखा एका रांगेत मांडा. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. त्याच सुमारास मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक गावोगावी लोकांच्या मदतीने छोटी वाचनालयं उभी करत होते. १९१० मध्ये महाराज अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथल्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतलं. १९११ मध्ये ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं, भारतातलं पहिलं. १९१२ मध्ये "लायब्ररी मिसेलनी" हे नियतकालिक निघालं. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले आणि काम इथल्याच माणसांनी पुढे नेलं. त्यांपैकी जनार्दन कुडाळकर यांनी या चळवळीवर १९१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नंतरचे न्यूटन मोहन दत्त यांचं पुस्तक १९२८ चं.

या क्रमातून एक तर्क निघतो. सक्तीचं शिक्षण म्हणजे चार-पाच यत्ता. त्यानंतर पोर शेतावर जाणार. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. मग शिकलेलं अक्षर चार वर्षांत पुसलं जाणार. म्हणजे शाळेवर केलेला खर्च वाया. ग्रंथालय हा त्या गळतीवरचा उपाय होता. शाळा आणि ग्रंथालय ही दोन स्वतंत्र पुण्यकर्मं नव्हेत, एकाच यंत्राचे दोन भाग आहेत. ज्यांना अजिबात वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी याच खात्याने दृश्य-शिक्षणाची शाखाही चालवली. चित्रं आणि चलत्चित्रपट गावोगावी नेऊन दाखवले जायचे. वाचता न येणारा माणूसही ग्रंथालयाचा ग्राहक आहे, ही कल्पना त्या काळात साधी नव्हती.

मात्र सांभाळून. "आधी शाळा, मग ग्रंथालय" या क्रमावरून "शाळेमुळे ग्रंथालय" असा निष्कर्ष आपोआप निघत नाही. त्यासाठी खात्याच्या कागदपत्रांत तो हेतू लिहिलेला सापडावा लागतो. बडोद्यात तो सापडतो. शिक्षण टिकवणं हे कारण त्या काळच्या लिखाणात स्पष्टपणे दिलेलं आहे. क्रमाने शंका उभी राहते, कागदाने ती पक्की होते. दोन्ही लागतात.

इमारत वाचायला शिका

आता वास्तूकडे येऊ. ग्रंथालयाची सुरुवात १९१० ची. महाराजांनी राजवाड्यातल्या आपल्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं दिली आणि त्यावर संग्रह उभा राहिला. इंग्रजी, गुजराती, मराठी, हिंदी अशा भाषांची पुस्तकं होती. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. संस्कृत हस्तलिखितांचा विभाग पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर म्हणून वेगळा झाला. आणि १९३१ मध्ये ग्रंथालय जुन्या शहरात, मांडवीजवळच्या आजच्या इमारतीत आलं.

या इमारतीत लोक आजही बघायला जातात ती तिथली काचेची जमीन. पुस्तकांच्या कोठारात पोलादी मांडण्या आहेत, आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना पायाखाली जाड काच असते. पाहुणे फोटो काढतात आणि "राजाचा शौक" म्हणून पुढे जातात. संशोधक मात्र विचारतो : काचच का?

उत्तरासाठी पुस्तकाचे शत्रू मोजा. वाळवी, कसर, दमट हवा, आग. लाकडी फडताळं वाळवीला मेजवानी, आणि आगीला सरपण. शिवाय मोठ्या कोठारात मधल्या ओळींमध्ये अंधार. अंधारात पुस्तक शोधायला दिवा न्यायचा, म्हणजे पुन्हा आग.

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न आधीच आला होता. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आंरी लाब्रूस्त या वास्तुविशारदाने १८६० च्या दशकात कोठाराचे मजले लोखंडी जाळीचे केले. वरून काचेच्या छपरातून आलेला उजेड जाळीतून गाळत गाळत खालच्या मजल्यापर्यंत उतरायचा. १८७७ मध्ये हार्वर्डच्या गोअर हॉलमध्ये पुढचं पाऊल पडलं. तिथे मांडण्यांचे लोखंडी खांबच वरच्या मांडण्यांचं वजन पेलू लागले. म्हणजे मांडणी खोलीत ठेवलेली वस्तू राहिली नाही, तीच इमारतीचा सांगाडा झाली. मजले बुटके ठेवायचे, म्हणजे शिडीशिवाय सर्वांत वरच्या फळीवर हात पोहोचतो. आणि जाळीतून धूळ खाली पडते, म्हणून जाळीच्या जागी काच. उजेड जातो, धूळ अडते, वाळवी लागत नाही, पेट घेत नाही.

बडोद्याची काच ही या परंपरेतली आहे. पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर अर्धपारदर्शक काच प्रकाश विखुरते, त्यामुळे खाली झळाळी न येता मऊ उजेड पसरतो आणि खालून वरच्या माणसाची फक्त सावली दिसते. पोलाद वजन पेलतं, काच फक्त दोन पोलादी पट्ट्यांमधलं छोटं अंतर झाकते. अंतर कमी ठेवलं की काचेवर वाकवणारा ताण कमी येतो. म्हणून तिच्यावरून माणूस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन चालू शकतो.

हे वाचलं की इमारत कागदपत्रासारखी बोलू लागते. ती सांगते, की बांधणाऱ्यांनी संग्रह वाढत जाणार आणि शंभर वर्षं टिकवायचा, असं धरलं होतं. तसंच ती हेही सांगते की कोठार आणि वाचनाची जागा वेगळी होती. वाचकाने थेट मांडणीपाशी जायचं की चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथालयाच्या नकाशात लपलेला असतो. आपल्याकडे पहिल्याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. कुठलीही जुनी संस्था अभ्यासाल तेव्हा दार कुठे आहे, भिंत कुठे आहे, देवघेवीचं टेबल कोणाच्या वाटेत आहे, ते आधी बघा. संस्थेची घटना जे सांगत नाही ते नकाशा सांगतो.

पेटी : भिंत नसलेलं ग्रंथालय

या भव्य कोठाराच्या जोडीला अगदी साधी वस्तू होती, लाकडी पेटी. पंधरा ते तीसच्या आसपास पुस्तकं त्यात भरायची आणि गावाला साधारण तीन महिन्यांसाठी द्यायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावात शिक्षक किंवा कोणी जबाबदार माणूस ती सांभाळायचा. वाचून झाली की पेटी परत, दुसरी हजर.

कल्पना नवी नव्हती. स्कॉटलंडमध्ये सॅम्युएल ब्राउन यांनी १८१७ मध्येच फिरती पुस्तकं सुरू केली होती, आणि अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी न्यूयॉर्क राज्यात १८९० च्या दशकात. बॉर्डन त्याच अमेरिकी वातावरणातून आले होते, त्यामुळे तिथून इथे कल्पना आली असं म्हणायला आधार आहे.

आता एक सापळा सांगतो. २००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने "ग्रंथ तुमच्या दारी" सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाला द्यायची, ठरावीक काळाने गटांनी पेट्या बदलायच्या. या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. कवळाण्याच्या मुलाने पेट्या पाठवल्या, शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यातून पुन्हा पेट्या निघाल्या. लिहायचा केवढा मोह होतो, की बडोद्याची परंपरा नाशिकने चालवली! पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. एकच अडचण दोन ठिकाणी असेल तर लोक स्वतंत्रपणे एकाच उपायाशी पोहोचू शकतात. जीवशास्त्र शिकलेल्यांना आठवेल, वटवाघळालाही पंख आहेत आणि पाखरालाही. वारसा म्हणायचा तर मधला दुवा दाखवावा लागतो : कोणी वाचलं, कोणी पाहिलं, कोणी सांगितलं. तोवर फक्त "साम्य" एवढाच शब्द वापरा.

"कोणापर्यंत" चं उत्तर : इथे खरी परीक्षा

गावात कायमचं ग्रंथालय हवं असेल तर बडोद्याचा नियम असा होता : एक तृतीयांश पैसे गावाने जमवायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचे, एक तृतीयांश सरकारने. नियम सुंदर आहे. गावाचा पैसा गुंतला की गाव ग्रंथालय सांभाळतं.

पण संशोधक म्हणून इथे कान टवकारा. जे गाव पहिला तिसरा हिस्सा जमवू शकतं तिथेच ग्रंथालय होणार. म्हणजे जिथे सावकारी आहे, बागायत आहे, परगावी गेलेले पैसे पाठवणारे लोक आहेत. उद्या तुम्ही आकडे काढलेत की ग्रंथालय असलेल्या गावांत साक्षरता जास्त होती, तर त्यातून काय सिद्ध होईल? कदाचित काहीच नाही. सधन गावात ग्रंथालयही होणार आणि साक्षरताही असणार. याला नमुना निवडीचा दोष म्हणतात. औषधाची चाचणी फक्त धडधाकट लोकांवर घेऊन "गुण आला" म्हणण्यासारखं.

मी हरसूलचा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा भाग, गुजरातच्या हद्दीला लागलेला. डांगच्या पलीकडे सोनगड-व्यारा लागतं. तो मुलूख तेव्हा बडोदा संस्थानातला, नवसारी प्रांताचा, आणि वस्ती मोठ्या प्रमाणावर आदिवासी. म्हणून ही योजना वाचताना माझा पहिला प्रश्न असतो : तिथल्या पाड्याने तिसरा हिस्सा कुठून आणायचा? पेटीचं मोल इथे कळतं. पेटीसाठी पाड्याला आधी पैसे जमवावे लागत नव्हते. तुम्हाला बडोद्याच्या योजनेचं न्याय्य मूल्यमापन करायचं असेल तर ग्रंथालयांची एकूण संख्या मोजू नका. पेट्या कुठल्या तालुक्यांत गेल्या आणि पुस्तकं कुठल्या भाषेत होती, ते मोजा. ज्याच्या घरात कोकणी किंवा गामीत बोलली जाते, त्याला गुजराती पुस्तकही परक्या भाषेचंच.

आणखी एक कसोटी आहे, आणि ती टाळून बडोद्याचा इतिहास लिहिता येणार नाही. १९१३ मध्ये याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी आले. शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कमाठी बागेत काढले. "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे.

तेव्हा ग्रंथालय खातं सुरू होऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे राज्याकडे पुस्तकांचं खातं होतं, प्रशिक्षित ग्रंथपाल होते, गावोगावी पेट्या जात होत्या, आणि त्याच राजधानीत त्या राज्याने घडवलेल्या सर्वांत मोठ्या विद्वानाला पाठ टेकायला खोली मिळत नव्हती. यावरून "चळवळ खोटी होती" असा निष्कर्ष काढू नका, तोही आळशीपणाच. राजाचा हुकूम दार उघडू शकतो, पण शेजाऱ्याचं मन त्याने उघडत नाही, एवढं यावरून दिसतं. म्हणून "सर्वांसाठी खुलं" हे वाक्य कुठल्याही अहवालात दिसलं की त्याला पुरावा समजू नका. तो दावा आहे. पुरावा असतो देवघेवीच्या नोंदवहीत : कोणाच्या नावावर पुस्तक गेलं, कुठल्या वस्तीतल्या, बाई की पुरुष.

मग पुढे काय झालं?

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० नंतर ते ग्रंथालय गुजरातच्या वाट्याला आलं. मराठी मुलखातल्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो आजही आपल्या गावातल्या वाचनालयाला लागू आहे. लोकांनी आधी ग्रंथालय काढायचं, नोंदणी करायची, मग अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. तमिळनाडूत १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला, आपल्याकडे तसा कर नाही.

आता बडोद्याचा तिसरा हिस्सा आठवा. "आधी गावाने उभं करायचं, मग सरकार मदत करणार", हे सूत्र आपल्याही व्यवस्थेत आहे. म्हणजे निवडीचा तो जुना प्रश्नही अजून तिथेच आहे. ज्या गावात पुढाकार घेणारी शिकलेली चार माणसं आहेत, तिथे वाचनालय. ज्या पाड्यात ती नाहीत, तिथल्या पोरीने नेटची तयारी मोबाइलवरच्या पीडीएफवर करायची, रेंज असेल तर.

तुमच्यासाठी काम

या महिन्यात जवळच्या एखाद्या जुन्या वाचनालयात जा. नाशिकचं असो, तालुक्याचं असो. चार गोष्टी टिपा. एक, दाखल नोंदवहीतलं सर्वांत जुनं पुस्तक कोणतं आणि ते विकत घेतलेलं की देणगीचं. दोन, इमारतीचा नकाशा काढा आणि वाचक कुठपर्यंत जाऊ शकतो तिथे रेघ मारा. तीन, कोनशिलेवर कोणाचं नाव आहे ते लिहा आणि संस्था सुरू करणारे तेच होते का ते इतिवृत्तात तपासा. चार, मागच्या वर्षभरात कोणत्या वस्तीतून एकही सभासद आला नाही ते पाहा.

चौथ्या ओळीतून तुमचा प्रश्न सुरू होईल. मुलाखतीत सरांनी विचारलं की विषय सांगू नका, ती ओळ सांगा.